सोबतीचं पिस्तूल

अमीनने कपाटाचं कुलूप काढलं, आतली तीन हत्यारं एकेक करून बाहेर घेतली आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवली. ठेवण्याआधी प्रत्येक उघडून ते रिकामं असल्याची त्याने स्वतः खात्री केली, मग प्रशांतला दाखवलं. भिंतीलगत खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन प्रशांतची बायको वसुंधरा बसली होती. तिलाही त्याने दाखवलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने मान हलवली.

"जल्दी नहीं है, प्रशांतभाई," अमीन म्हणाला. "हाथ में लेके देखो."

अमीन मस्कतचाच, बलुची घराण्यातला. फौजेतून निवृत्त झाल्यावर बौशरच्या डोंगराखालच्या या क्लबात नेमबाजी शिकवत असे. पुढच्या इमारतीत पिस्तुलांची बंदिस्त रेंज होती आणि मागच्या उघड्या जागेत धनुष्यबाणाची. प्रशांत सहा-सात वर्षं मागच्या बाजूला येत होता. पुढच्या बाजूला त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तो अमीनच्या खोलीत बसला होता, कारण डिसेंबरात तो टेक्सासला जाणार होता. तिथे एका मोठ्या राँचवर धनुष्यबाणाने रानडुकराची शिकार करू देतात. बाण लागूनही डुक्कर पडलं नाही आणि उलट अंगावर आलं तर हाताशी असावं म्हणून शिकारी कमरेला पिस्तूल लावतो. राँचवाला ते भाड्याने देतो. कोणतं हवं ते फक्त आधी कळवायचं होतं.

पहिलं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर होतं. प्रशांतने ते उचललं आणि लगेच ठेवलं. दुसऱ्याला त्याने नुसतं बोट लावलं. तिसरं लहान, चपटं, तळहातात लपेल एवढं होतं. ते त्याने उचललं, मूठ मिटली आणि हात मांडीवर ठेवून तो काही वेळ तसाच बसला.

"हे बरं आहे," तो म्हणाला.

अमीन हसला. "ये? ये जेब का खिलौना है. इससे सूअर को गुस्सा आएगा, और कुछ नहीं."

"मुझे भारी नहीं चाहिए."

"भारी ही चाहिए, भाई. वो सर नीचे करके आता है. उसकी हड्डी देखी है? और टाइम कितना मिलेगा आपको?" अमीनने चुटकी वाजवली. "इतना."

प्रशांतची मूठ तशीच होती.

"गाइड किधर खड़ा रहेगा?"

"गाइड छोड़ के जाता है. अंधेरा होने के बाद लेने आता है. मैंने अकेला मांगा है."

"अकेला क्यों?"

"शांति से बैठना है," प्रशांत म्हणाला आणि पुन्हा मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं, "पुरेल हे."

अमीनने हात पुढे केला. प्रशांतने पिस्तूल त्याच्या हातात दिलं. अमीनने ते पुसलं, बाकीची दोन पुसली, तिन्ही कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकताना त्याने एकदा वसुंधरेकडे बघितलं.

"सोच के बताता हूं," तो म्हणाला. "अगले जुम्मे."

गाडी वसुंधरेनेच चालवली. गेलं वर्षभर तीच चालवत होती. प्रशांत बाजूच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत असे. आज मात्र तो बोलत होता. स्वयंपाकघरातल्या गॅसची नळी बदलायला झाली आहे, त्याने नवीन आणून ठेवली आहे, ती कशी बसवायची ते दाखवतो म्हणाला.

"तूच बसव की," वसुंधरा म्हणाली.

"तुला यायला हवं," तो म्हणाला.

प्रशांत एका तेल कंपनीत सुरक्षा विभागाचा प्रमुख होता. पुण्याहून येऊन त्याला वीस वर्षं होत आली होती. मुलगी रेवा इथेच शाळेत शिकली आणि आता बंगळुरूला नोकरी करत होती. ओमानच्या आतल्या वाळवंटात कंपनीच्या साइट होत्या. तिथे कुणी उंचावर चढलं, बंद टाकीत उतरलं, आगीजवळ काम केलं की त्याचे नियम प्रशांतच्या विभागाने ठरवलेले असत. बंद टाकीत माणूस उतरतो तेव्हा झाकणाजवळ बाहेर दुसरा माणूस उभा असतो. त्याने फक्त नजर ठेवायची, आतल्याशी बोलत राहायचं आणि काही बिनसलं तर गजर करायचा. काही झालं तरी त्याने स्वतः आत उतरायचं नाही. हा नियम प्रशांत प्रत्येक तुकडीला स्वतः शिकवत असे. हसत, रागावून, तीन भाषांत.

भिकाजी गुहागरकडचा. साइटवर हेल्पर म्हणून आला होता. शांत, एका जागी तासन्‌तास उभा राहू शकणारा माणूस. त्याला बाहेरच्या पहाऱ्याच्या कामावर घ्या असं प्रशांतनेच सुचवलं होतं. सुट्टीवरून परतताना भिकाजी प्रशांतच्या अझैबातल्या घरी आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन यायचा, दारातच चपला काढून गालिच्याच्या कडेला बसायचा आणि गावच्या रानडुकरांबद्दल सांगायचा.

"डुकरांनी यंदा वरी ठेवलानी न्हाय हो साहेब. करांदं पन उकरलानी."

"मग काय करता तुम्ही?"

"डबे वाजवतो. काय करनार? बंदुकीचा परवाना कोन देतो आमाला?"

प्रशांतला हे ऐकायला आवडायचं. धनुष्यबाणाचा नाद त्याला तेव्हाही होता. एकदा तो भिकाजीला म्हणाला होता, मी येतो तुझ्या गावाला, बाणाने मारतो तुझी डुकरं. भिकाजी तोंडावर हात ठेवून हसला होता. तसं करता येत नाही, कायदा आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

मागच्या वर्षी, उन्हाळ्यात, एका टाकीत जहूर नावाचा कामगार साफसफाईला उतरला आणि तळाशी साचलेल्या वायूने कोसळला. बाहेर भिकाजी उभा होता. त्याने गजर केला. मग मदतीची माणसं धावत येईपर्यंत थांबला नाही, शिडीवरून आत उतरला. दोघांनाही बाहेर काढलं तेव्हा दोघंही गेले होते. कंपनीच्या चौकशीत कागदोपत्री सगळं नियमाप्रमाणे निघालं. प्रशांतवर ठपका आला नाही. कुणी त्याच्याकडे बोटही दाखवलं नाही. विमानतळाच्या मालवाहतुकीच्या बाजूला तो भिकाजीच्या शवपेटीबरोबर गेला आणि विमान उडाल्यावर घरी आला, तेव्हापासून तो जेवायचा, कामावर जायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पण त्याच्याशी बोलताना वसुंधरेला फोनवर दुसऱ्या टोकाला रेंज नसावी तसं वाटायचं. कंपनीने समुपदेशकाकडे पाठवलं, दोनदा जाऊन आला. धनुष्य बेडरूमच्या कपाटावर पडून राहिलं.

आणि मग यंदाच्या ऑगस्टमध्ये त्याने ते खाली काढलं. तार बदलून आणली. एक दिवस जेवताना म्हणाला, "मी टेक्सासला जाऊन येतो. रानडुकराच्या शिकारीला."

वसुंधरेचा हात ताटावर थांबला होता. पण तो स्वतःहून काहीतरी करू म्हणत होता. तो धनुष्य घेऊन रेंजवर जायला लागला, रात्री झोपायला लागला. भिकाजीच्या डुकरांशी याचा काही संबंध असेल, असं तिने मनाशी जुळवलं. रेवाला फोनवर ती म्हणाली, "बाबा परत कशात तरी रमायला लागलेत." रेवा रडली होती.

आता गाडी चालवताना तिला आठवत होतं की या दोन महिन्यांत तो डुकराबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. कोणते बाण न्यायचे, ते डुकराच्या जाड कातड्यातून जातील का, तिथे थंडी किती, यातलं काही नाही. रोज सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसायचा आणि लॅपटॉपवर पिस्तुलं बघायचा. ती मागून गेली तरी झाकायचा नाही. झाकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. राँचवाल्याने विचारलं होतं आणि तो निवडत होता.

घरी आल्यावर त्याने गॅसची नळी दाखवली. पाना तिच्या हातात दिला, तिच्याकडून घट्ट करून घेतलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघायला लावलं.

"छान," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं मोकळं होतं. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. वसुंधरा पाना हातात घेऊन उभी राहिली. आपल्याला बरं का वाटत नाहीये, हे तिला कळेना.

अमीनचा फोन मंगळवारी सकाळी आला. प्रशांत ऑफिसला गेला होता.

"भाभी, पांच मिनट मिलना था. आप किधर बोलो, मैं आता हूं."

अझैबाच्या समुद्राजवळ एक चहाची टपरी होती. गाडीतच चहा आणून देतात तसली. वसुंधरेने गाडी लावली. अमीन आपल्या गाडीतून उतरून आला आणि खिडकीपाशी उभा राहिला. तिने आत बसायला सांगितलं तरी बसला नाही. पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर टोपी, हातात चहाचा कागदी पेला. तो बराच वेळ समुद्राकडे बघत होता.

"प्रशांतभाई ने मुझे बोला, धनुष तुम रख लेना," तो अखेरीस म्हणाला. "मैंने पूछा, अमरीका से आके क्या चलाओगे? बोले, फिर जरूरत नहीं पड़ेगी."

वसुंधरेने गाडीचं इंजिन बंद केलं.

"मैं फौज में था, भाभी. बहुत लड़के देखे. हथियार मांगने का भी एक तरीका होता है." त्याने पेला दुसऱ्या हातात घेतला. "उन्होंने जो पसंद किया, वो शिकार का नहीं है. मैं उनको ना बोल दूंगा. मगर उधर कोई भी दे देगा. उधर कोई उनको जानता नहीं."

"हां," वसुंधरा म्हणाली.

"आप उनको रोको. टिकट खलास करो."

"हां," ती पुन्हा म्हणाली.

अमीनने गाडीच्या छतावर हलकेच हात टेकवला आणि तो निघून गेला. वसुंधरा बसून राहिली. चहावर साय धरली. तिच्या लक्षात आलं की तिला धक्का बसलेला नाही. पाना हातात घेऊन उभी असतानाच तिला हे कळलं होतं. फक्त कुणीतरी ते मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं.

त्या दिवशी तिने रुवीतल्या एका मानसोपचार डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्यांना घेऊन या, लवकर या. संध्याकाळी तिने प्रशांतला सांगितलं. तो वाद न घालता म्हणाला, "जाऊ ना. तिकडून आलो की जाऊ." तिने रेवाला फोन केला. रेवा म्हणाली, आई, सगळं रद्द कर, त्यांना घेऊन सरळ पुण्याला जा, मी येते. वसुंधरेने ऐकून घेतलं. टेक्सास रद्द केलं तर टेक्सास रद्द होईल, एवढंच. अझैबाला समुद्र होता, अमरातच्या घाटात कठडे होते, आणि प्रशांत सुरक्षेचा माणूस होता. कोणत्या गोष्टीने काय होतं हे त्याला मस्कतमधल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आपण त्याला किती दारांपाशी अडवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला गेल्यावर तिने राँचवाल्याला स्वतः ईमेल पाठवली. शब्दकोश उघडून, दोन-तीनदा वाचून. मी प्रशांतची पत्नी. मीही येणार आहे. शिकार करणार नाही, पण त्याच्या शेजारी बसणार आहे. पिस्तूल त्याच्याऐवजी मी बाळगलं तर चालेल का? रात्रीपर्यंत उत्तर आलं. आधी शिकून या, म्हणजे चालेल. बरेच नवरा-बायको असे येतात. बाण सोडणाऱ्याचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असतात, त्यामुळे हे उलट बरंच.

शुक्रवारी रेंजवर गेल्यावर प्रशांत धनुष्य घेऊन मागच्या बाजूला निघून गेला. वसुंधरा गाडीपाशी थांबली नाही. ती अमीनच्या खोलीत गेली.

"मुझे सिखाओ," ती म्हणाली.

अमीन खुर्चीतून उठला. "क्या?"

"पिस्तौल मेरे पास रहेगा. उनके पास नहीं. उधर पूछ लिया है मैंने." मग तिने बंद कपाटाकडे बोट दाखवलं. "इनमें से सूअर को रोकने वाला कौनसा है?"

अमीन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाट उघडलं आणि लांब नळीचं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं.

त्याने आधी रिकाम्या हत्याराने उभं राहायला शिकवलं. पाय किती फाकायचे, कोपर कुठे, बोट चापावर केव्हा ठेवायचं आणि केव्हा नाही. वसुंधरा घरी मुलांना गाणं आणि हार्मोनियम शिकवत असे. हातांना शिस्त लावायची सवय तिला होती, पण ही शिस्त वेगळी होती. काचेमागच्या बंदिस्त रेंजमध्ये अमीनने तिच्या कानांवर जाड झाकणं बसवली, एकच गोळी भरली आणि तिच्या मागे उभा राहिला.

चाप ओढला तेव्हा आवाजापेक्षा धक्का मोठा होता. दोन्ही हात डोक्याच्या वर गेले. उजव्या मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. समोरच्या कागदावर कुठेही भोक नव्हतं.

"बस, भाभी. आज इतना."

"एक और," ती म्हणाली.

तिसऱ्या गोळीनंतर ती वळली तेव्हा काचेपलीकडे प्रशांत उभा होता. खांद्यावर धनुष्य होतं. तो किती वेळ उभा होता हे तिला माहीत नव्हतं. तिने कानावरची झाकणं काढली, हत्यार अमीनच्या हातात दिलं आणि बाहेर आली.

"हे काय चाललंय?" प्रशांतने विचारलं.

"मी येतेय तुझ्याबरोबर. पिस्तूल मी धरणार आहे."

"तू?"

"तिकडे विचारलं मी. चालतं म्हणाले."

"वसू, मी एकट्याचं ठरवलंय."

"माहीत आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर खाली केली नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा तो दोन महिन्यांचा मोकळेपणा तिच्या डोळ्यांदेखत उतरला आणि खालून मागच्या वर्षीचा थकलेला माणूस वर आला. तिला भीती वाटली. पण हा माणूस तिच्या ओळखीचा होता.

"तुला नाही जमायचं," तो म्हणाला.

"नाही जमलं तर नाही जमलं. पण मी येणार."

घरी आल्यावर तो बाल्कनीत जाऊन बसला आणि जेवायला आला नाही. रविवारी, सोमवारी त्याने तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाकलं. बुधवारी तिला वाटलं, आपण चूक केली. त्याच्या हातात जे काही होतं ते आपण काढून घेतलं आणि त्या जागी ठेवायला आपल्याकडे काहीच नाही. त्या दिवसांत तो घरी असला की ती त्याला क्षणभरही नजरेआड करत नव्हती. तो बाथरूममध्ये गेला की ती पॅसेजमध्ये काहीतरी आवरत उभी राहायची. त्यालाही ते कळत होतं. एकदा तो दार उघडून तिच्याकडे नुसतं बघून गेला.

शुक्रवार आला तेव्हा तो जाणार नाही असं तिने धरलं होतं. ती एकटीच निघाली. गाडी सुरू केल्यावर बाजूचं दार उघडलं आणि तो आत बसला. धनुष्य त्याने आणलं नव्हतं.

रेंजवर तो काचेपलीकडे उभा राहिला. वसुंधरेचं मनगट अजून सुजलेलं होतं, ती पट्टी बांधून आली होती. पहिली गोळी वर छताजवळ गेली. दुसरीला तिच्या तोंडून बारीक आवाज आला. अमीनने हत्यार काढून घेतलं. मागचं दार उघडलं आणि प्रशांत आत आला.

"यह इनके हाथ को भारी है," तो अमीनला म्हणाला.

"मैंने भी बोला. सुनती नहीं."

"पण डुकराला हेच थांबवतं म्हणाले ना?" वसुंधरा म्हणाली.

"तुझ्या हातून उडालं तर काय थांबवणार?" तो तिच्यावर ओरडला नाही, पण त्याच्या आवाजात चीड होती. तिने कित्येक महिन्यांत त्याला चिडलेलं बघितलं नव्हतं. तो अमीनकडे वळला. "बीच का दिखाओ. वो दूसरा वाला."

अमीनने मधलं रिव्हॉल्व्हर आणलं. प्रशांतने ते उघडून बघितलं, मिटलं, तिच्या हातात दिलं. मूठ तिच्या बोटांना जेमतेम पुरत होती. त्याने तिचा अंगठा धरून थोडा खाली सरकवला.

"सूअर कितने दूर से आता है?" त्याने विचारलं.

अमीनने उत्तर द्यायला एक क्षण घेतला. "झाड़ी हो तो दिखेगा ही नजदीक से. दस-पंद्रह कदम."

"ये किधर खड़ी रहेगी? मेरे आगे तो नहीं आ सकती. पीछे से मारेगी तो बीच में मैं हूं."

"बाजू में. आपके दाहिने, आधा कदम पीछे."

"जमीन गीली हो तो? इसका पांव फिसला तो?"

तो विचारत राहिला. घायल डुक्कर सरळ येतं की वळतं. पडलं तरी उठतं का. मचाण जमिनीपासून किती उंच असतं, शिडी कशी असते, उतरताना हत्यार कुणाकडे. अमीन उभ्या उभ्या उत्तरं देत होता. वसुंधरा दोघांच्या मध्ये रिकामं रिव्हॉल्व्हर जमिनीकडे धरून उभी होती. तिचं मनगट ठणकत होतं आणि ती हलत नव्हती.

घरी आल्यावर तिने घमेल्यात कोमट पाण्यात मीठ घातलं आणि हॉलमध्ये बसून त्यात हात बुडवला. बाहेर अजून उजेड होता. खालच्या मजल्यावरच्या घरात कुणाची तरी मुलं इंग्रजीत भांडत होती. प्रशांत आतून आला, समोरच्या सोफ्यावर न बसता तिच्याजवळ खाली गालिच्यावर बसला. पाण्यातल्या तिच्या हाताकडे बघत राहिला.

"तो बाहेर उभा होता, वसू," तो म्हणाला.

तिने हात हलवला नाही.

"मीच शिकवलं होतं त्याला. आत कोण आहे हे विसरायचं. मित्र असो, भाऊ असो. दर वेळी म्हणवून घ्यायचो मी त्यांच्याकडून. तो सगळ्यात मोठ्याने म्हणायचा."

"हो."

"मग का गेला?"

खाली मुलांना कुणीतरी दटावलं आणि भांडण थांबलं.

पाण्याकडेच बघत तो म्हणाला, "तिकडे मला काही झालं, तर तू पुढे यायचं नाहीस. जागेवर उभं राहायचं. गाईडला हाक मारायची आणि जागेवर उभं राहायचं. कळलं?"

"नाही," वसुंधरा म्हणाली. "मी येणार."

त्याने मान वर केली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, ती घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. त्याचे ओठ हलले. नियम सांगायला उघडावेत तसे उघडले आणि मिटले.

मग त्याने घमेल्यात बोट बुडवलं.

"गार झालंय," तो म्हणाला. "बदलून आणतो."

त्याने तिचा हात उचलून त्याखाली टॉवेल ठेवला आणि घमेलं सांभाळत, पाणी सांडू न देता तो स्वयंपाकघरात गेला. आत नळ सुटल्याचा आवाज आला. वसुंधरा ओला हात तसाच धरून ऐकत बसली.